सरासरी माती कुठेच नसते: आपल्या जमिनीत पाऊस किती मुरतो, याचं मॉडेल कसं करावं

इंदुरात कॉलनीतला शोषखड्डा असो, तिल्लोरकडच्या शेतातलं तळं असो नाहीतर कॉलेजचा प्रोजेक्ट, सुरुवातीचा प्रश्न तोच असतो: आपल्याकडची माती तासाला किती पाणी मुरवते? आणि उत्तर म्हणून बहुतेक जण पुस्तकातल्या तक्त्यातून एक आकडा उचलतात. 'चिकण माती, ताशी ०.३ मिमी.' मग त्याला क्षेत्रफळानं गुणतात आणि अहवाल तयार!

हा आकडा खोटा नसतो, पण तो तुमच्या जमिनीचा नसतो. माळव्याचं पठार बेसॉल्टचं. सखल भागात दोन-दोन मीटर काळी चिकण माती सापडते, तर तिथून दोनशे पावलांवरच्या चढावर वीतभर मातीखाली मुरूम लागतो. त्यात बांध, बैलगाडीची जुनी वाट, उकिरड्याची जागा, ट्रॅक्टरच्या चाकोऱ्या. एकाच एकरात मुरण्याचा वेग शंभर पटीनं बदलू शकतो. हा फरक मॉडेलमध्ये कसा आणायचा, एवढाच या लेखाचा विषय आहे. गणित दहावीच्या पलीकडचं फारसं नाही. एक्सेल किंवा तसली कुठलीही शीट पुरते.

आधी प्रश्न नक्की करा

शोषखड्ड्यासाठी जमिनीखाली दोन-तीन मीटरवर काय आहे ते महत्त्वाचं, वरच्या वीतभर मातीचा तिथे संबंध नाही. विहिरीचं पुनर्भरण हा महिन्यांचा हिशेब; त्यात बाष्पीभवन आणि पिकांची मुळंही येतात. आपण इथे तिसरा आणि नवख्याला सगळ्यात सोपा प्रश्न घेऊ: उघड्या जमिनीवर एक पाऊस पडला, तर त्यातलं किती मुरलं आणि किती वाहून गेलं? वाहून जाणाऱ्याला आपल्याकडे अपधाव म्हणतात, पुढे तोच शब्द वापरतो.

जमीन चालून घ्या

यंत्र लावण्याआधी पूर्ण तुकडा पायी फिरा, शक्यतो दोनदा: एकदा मे महिन्यात आणि एकदा चांगला पाऊस झाल्यावर दुसऱ्या दिवशी. मेमध्ये भेगा दिसतात, पावसानंतर डबकी दिसतात. दोन्ही कागदावर काढा. बरोबर जमिनीचा मालक किंवा वाटेकरी असेल तर उत्तम. 'काका, इथे पाणी किती वेळ थांबतं?' एवढं विचारलं तरी जे कळतं ते कुठल्याही नकाशात नसतं. कोणत्या कोपऱ्यात पेरणीयंत्र रुततं, कुठलं सोयाबीन दर वर्षी पिवळं पडतं, कुठे पूर्वी विहीर होती आणि ती बुजवली, हे सगळं मुरण्याशी थेट जोडलेलं आहे.

मग तुकड्याचे चार-पाच भाग पाडा. निकष साधे ठेवा: मातीचा रंग, खोली, उतार, तुडवण, शेणखत. खोली पाहायला पहार पुरते, मुरूम लागला की आवाजच बदलतो. पोत पाहायला मूठभर माती भिजवून अंगठा आणि तर्जनीमध्ये दाबत फीत काढा. पाच सेंटिमीटरच्या पुढे फीत न तुटता लोंबली तर चिकण माती. काळी माती बोटांना चिकटून बसते, सहज सुटत नाही; मुरमाड माती करकरते आणि फीत धरतच नाही.

शेणखताचा मुद्दा मी मुद्दाम घातला. अल्बर्ट हॉवर्ड यांनी कंपोस्टची 'इंदूर पद्धत' याच शहरात, १९२४ नंतरच्या काळात विकसित केली. सेंद्रिय पदार्थानं काळ्या मातीचे कण गुच्छांत बांधले जातात आणि पाण्याला वाट मिळते. गोठ्यामागच्या पट्ट्याचा आकडा शेताच्या मधल्या आकड्यापेक्षा कितीतरी मोठा आला तर चकित होऊ नका, आणि तो आकडा खोडूही नका.

कडी ठोकणं

मुरण्याचा वेग मोजायचं प्रचलित साधन म्हणजे दुहेरी कडं: ३० सेंमी व्यासाचं आतलं, ६० सेंमीचं बाहेरचं. लोखंडी पत्र्याचं काम करणाऱ्या कुणाकडूनही वाकवून, वेल्ड करून मिळतं. खालची कड धारदार करून घ्या. दोन्ही कडी एकात एक ठेवून जमिनीत दहा-एक सेंमी ठोका. वर लाकडी फळी आडवी ठेवून घणाचे ठोके द्या, थेट पत्र्यावर नको. कडं तिरकं गेलं तर बाजूची माती उचलली जाते आणि तिथून पाणी पळतं. मातीला बारीक चीर पडली असेल तर ती ओल्या मातीनं आतून लिंपा.

दोन्हीत साधारण पाच सेंमी पाणी भरा. त्याला चौदा लिटर लागतात, म्हणजे एक बादली. बाहेरच्या कड्याचं काम फक्त राखणदाराचं: आतलं पाणी आडवं पसरू नये, सरळ खाली जावं. मोजमाप आतल्याच कड्याचं घ्यायचं. आत एक खिळा ठेवा, पाणी खिळ्याच्या टोकाखाली गेलं की मापाच्या भांड्यानं पुन्हा टोकापर्यंत भरा, आणि किती मिली ओतलं ते वेळेसकट लिहा. आतल्या कड्याचं क्षेत्रफळ ७०७ चौरस सेंमी आहे, म्हणून ७१ मिली म्हणजे १ मिमी.

इथे काळ्या मातीची खोड कळते. वेग ताशी २ मिमी असेल तर तासाभरात सगळे मिळून १४० मिली पाणी जातं. पाच-पाच मिनिटांनी वाचायला गेलात तर दर वेळी बारा मिली, ते भांड्यावर दिसतसुद्धा नाही. म्हणून पहिला अर्धा तास पाच-पाच मिनिटांनी, नंतर अर्ध्या-अर्ध्या तासानं वाचा. सलग तीन वाचनं सारखी आली की तो स्थिर वेग; मुरमाड जागी हे तासाभरात होतं, काळ्या मातीत तीन-चार तास सहज जातात. आणि कड्यावर झाकण ठेवा. मेच्या दुपारी उघड्या पाण्यातून तासाला मिमीच्या आसपास पाणी नुसतं उडून जाऊ शकतं. खरा वेग दोन असताना तुम्ही तीन लिहाल. कचऱ्याच्या डब्याचं जुनं झाकण चालतं.

पाणी कुठलं वापरता यानेही फरक पडतो. बोअरच्या जड पाण्यातले क्षार चिकण मातीचे कण एकत्र धरून ठेवतात, पावसाच्या पाण्यात क्षार जवळजवळ नसतात आणि कण विखरून छिद्रं बुजवतात. तेव्हा बोअरच्या पाण्यावर मोजलेला वेग थोडा जास्त येतो. गच्चीवरचं साठवलेलं पावसाचं पाणी सर्वोत्तम, नाहीतर नळाचं नर्मदेचं. बोअरचं वापरलंत तर वहीत तशी नोंद असू द्या. शिवाय कड्यात थेंबांचा मार नसतो. उघड्या, नांगरलेल्या जमिनीवर पावसाचे थेंब आपटून वर पातळ पापुद्रा बसतो, तो कड्यात कधीच तयार होत नाही. यालाही पुढे जागा द्यावी लागेल.

प्रत्येक भागात निदान दोन-तीन कडी हवीत. जागा निवडताना सपाट, सोयीची जागा शोधू नका; सावलीतल्या जागा आपोआप जास्त निवडल्या जातात, आणि झाडाखालची माती सैल असते. भागाच्या नकाशावर चौकटी आखून चिठ्ठ्या टाका.

दहा आकडे आले. सरासरी काढू नका

उदाहरणासाठी मानलेले दहा आकडे घेऊ, ताशी मिमीमध्ये: १, २, २, ३, ४, ६, ९, १५, ३८, १२०. मोजलेल्या जमिनीत असंच दिसतं, बरेचसे लहान आणि एक-दोन अवाढव्य. नील्सन आणि सहकाऱ्यांनी कॅलिफोर्नियात १५० हेक्टरच्या एका शेतात वीस जागी मोजणी करून १९७३ मध्ये हेच दाखवलं: मातीतली ओल घंटेच्या आकाराच्या सरळ वितरणात बसते, पण जलवाहकता, म्हणजे ओल्या मातीतून पाणी जाण्याची क्षमता, लॉग-नॉर्मल असते. आकड्यांचा लॉग घेतला की मग ती घंटा दिसते.

वरच्या दहांची साधी सरासरी २०. आता ताशी २० मिमीचा पाऊस घ्या, जमीन आधीच ओली, ऑगस्टमधली. सरासरी माती २० मुरवते, पाऊस २०, अपधाव शून्य. अहवाल खूश.

आता तेच एकेका जागी करा. जिथे क्षमता पावसापेक्षा कमी तिथे क्षमतेएवढं मुरेल, जिथे जास्त तिथे पावसाएवढंच. १२० वाल्या जागेलाही २०च मिळणार, तिची उरलेली शंभरची क्षमता वाया. बेरीज: १+२+२+३+४+६+९+१५+२०+२० = ८२. म्हणजे दहा जागांत सरासरी ८.२ मिमी मुरलं आणि ११.८ मिमी वाहून गेलं. एका हिशेबात शून्य, दुसऱ्यात निम्म्याहून जास्त पाऊस नाल्यात!

काही जण यावर तोडगा म्हणून गुणोत्तर सरासरी घेतात: लॉगची सरासरी काढून उलट फिरवायची. ती इथे ६.७ येते. पण तीही सगळ्या पावसांना लागू पडत नाही:

| पाऊस (ताशी मिमी) | जागावार मुरलेलं | साध्या सरासरीनं | गुणोत्तर सरासरीनं |
|---|---|---|---|
| ५ | ३.७ | ५ | ५ |
| २० | ८.२ | २० | ६.७ |
| ४० | १२.० | २० | ६.७ |

दुसरा स्तंभ पाहा. पाऊस वाढला तशी त्याच जमिनीची 'क्षमता' वाढत गेली, कारण जोरदार पावसात पाणी पिऊ शकणाऱ्या जागांना जास्त पाणी मिळालं. याचा अर्थ या जमिनीला एकच प्रभावी आकडा असूच शकत नाही. तो पावसाच्या जोरावर अवलंबून असतो. कुणी तुम्हाला 'पूर्ण शेताचा एक आकडा सांगा' म्हणालं तर विचारा, कुठल्या पावसासाठी? म्हणून या कामाचा क्रम ठरलेला: आधी प्रत्येक जागेचं गणित, मग उत्तरांची सरासरी. भाग लहान-मोठे असतील तर क्षेत्रफळाच्या प्रमाणात वजन द्या.

दहाच आकडे असतील तर शीटकडून आणखी पाचशे बनवून घेता येतात. दहांच्या लॉगची (नैसर्गिक लॉग, शीटमधलं LN) सरासरी इथे १.९ आणि प्रमाण विचलन, म्हणजे आकडे सरासरीभोवती किती पसरलेत त्याचं माप, १.४७. शीटमधलं रँडम फंक्शन नॉर्मल-इन्व्हर्समध्ये हे दोन आकडे देऊन घाला, येईल त्याला EXP लावून लॉग उलट फिरवा, आणि खाली ओढा. पाचशे काल्पनिक जागा तयार. मात्र त्यांनी माहिती वाढत नाही, हे ध्यानात असू द्या. दहा मोजण्यांवरून काढलेली गुणोत्तर सरासरी खऱ्यापेक्षा अडीच-तीन पट वर किंवा खाली असू शकते. तीस मोजण्या केल्यात तर ही चूक पावणेदोन पटींवर येते. उत्तर 'साधारण ६ ते १२ मिमी' असं लिहायला लाजू नका, ते ११.७३ लिहिण्यापेक्षा खरं आहे.

वेळ आणि ओल: ग्रीन-अँप्ट

वरचा हिशेब आधीच भिजलेल्या जमिनीचा होता. कोरडी जमीन सुरुवातीला जास्त ओढते. त्यासाठी मातीतल्या पाण्याच्या हालचालीचं रिचर्ड्सचं १९३१चं समीकरण आहे, ते पूर्ण आहे पण नवख्यानं तिथून सुरुवात करू नये. ऑस्ट्रेलियातल्या ग्रीन आणि अँप्ट या दोघांनी १९११ मध्येच एक सोपी कल्पना मांडली: पाणी खाली जाताना वर भिजलेला थर, खाली कोरडी माती आणि मध्ये धारदार सीमा. सीमेखालची कोरडी माती पाणी ओढते, पण भिजलेला थर जाड होत गेला की ओढ दूर पडते आणि वेग कमी होतो. सूत्र असं:

मुरण-दर = ज × (१ + ओ × र ÷ म)

इथे ज म्हणजे जलवाहकता (कड्याचा स्थिर वेग), ओ म्हणजे सीमेवरची ओढ मिमीमध्ये, र म्हणजे मातीतली रिकामी जागा अपूर्णांकात, आणि म म्हणजे आतापर्यंत मुरलेलं पाणी. रॉल्स आणि सहकाऱ्यांच्या १९८३च्या तक्त्यात चिकण मातीची ओढ ३१६ मिमी आणि वाळूमिश्रित पोयट्याची ११० मिमी दिली आहे. ओढीसाठी हा तक्ता वापरा, जलवाहकतेसाठी नको. ती स्वतःच्या कड्यातून घ्या. तो तक्ता अमेरिकेतल्या मातीच्या नमुन्यांवरचा आहे आणि फुगणाऱ्या, भेगाळणाऱ्या काळ्या मातीचं वागणं त्यात उतरत नाही.

'र' काढायला ठरावीक आकारमानाच्या नळीनं मातीचा नमुना घ्या, वजन करा, १०५ अंशांवर चोवीस तास सुकवा, पुन्हा वजन करा. गेलेलं वजन म्हणजे पाणी. ते नळीच्या आकारमानानं भागा. चांगला पाऊस थांबल्यावर लगेच घेतलेल्या नमुन्यातलं पाणी वजा आज असलेलं पाणी, तो 'र'.

एक जागा घेऊन पाहू: ज = ४, ओ = ३००, पाऊस ताशी २० मिमी. जुलैच्या मध्यात र = ०.१० धरला तर ओ × र = ३० मिमी. मुरण-दर २०वर कधी येतो? म = ७.५ झाल्यावर, कारण ४ × (१ + ३० ÷ ७.५) = २०. ताशी २०च्या पावसात साडेसात मिमी साडेबावीस मिनिटांत पडतात. तेवढा वेळ सगळं मुरतं, मग पाणी साचायला लागतं. तासाअखेर मुरलेलं १६.४ मिमी, अपधाव ३.६. जूनच्या सुरुवातीला जमीन कोरडी, र = ०.३० धरा: तळं साचायला सदुसष्ट मिनिटं लागतात, म्हणजे त्या तासाभराच्या पावसात अपधावच नाही. ऑगस्टअखेर र = ०.०३: पावणेसात मिनिटांत पाणी वाहायला लागतं. माती तीच, पाऊस तोच.

शीटमध्ये एक-एक मिनिटाची ओळ करा. पहिल्या ओळीत म = ०.१ ठेवा, शून्य ठेवलं तर भागाकार अडतो. प्रत्येक ओळीत मुरण-दर काढा, पाऊस आणि मुरण-दर यातला लहान आकडा साठानं भागून 'म'मध्ये मिळवा, उरलेला पाऊस अपधावाच्या स्तंभात टाका. बस. हेच स्तंभ प्रत्येक जागेसाठी उतरवा.

वरच्या तुकड्याचं पाणी खालच्यावर येतं

आतापर्यंत आपण प्रत्येक जागा सुटी धरली. प्रत्यक्षात वरून सुटलेलं पाणी खालच्या जागेवर पाऊस होऊन पडतं. दोन सारख्या जागा घ्या, एक ताशी ५ मुरवते, दुसरी ३५. पाऊस २०. चिवट जागा वर असेल तर तिचे उरलेले १५ खालच्या जागेला मिळतात, तिथे २० + १५ = ३५, सगळं जिरतं, शेताबाहेर थेंब नाही. जागा उलट करा: वरची २० पिऊन बसते, खालची ५ पिते आणि १५ बाहेर सोडते. सरासरी तीच, आकडे तेच, फक्त क्रम बदलला.

म्हणूनच नकाशा काढायला सांगितला होता. शीटमध्ये जागांना उताराच्या क्रमानं लावा आणि वरच्या जागेचा अपधाव खालच्या जागेच्या पावसात मिळवा. आणि शेतकऱ्याला द्यायचा सल्लाही इथूनच निघतो: गवताचा पट्टा, चर किंवा शेणखताचा ढीग उताराच्या तळाशी असला तर त्याचा उपयोग, माथ्यावर शोभेपुरता.

भेगा

माळव्यातल्या मेच्या काळ्या जमिनीत हात कोपरापर्यंत जाईल अशा भेगा पडतात. ग्रीन-अँप्टला त्या माहीत नाहीत, आणि कड्याखाली भेग आली तर बादलीभर पाणी गायब होतं. तो आकडा माती मुरवते त्याचा नाही, पोकळी भरते त्याचा. भेगांचा हिशेब वेगळा ठेवा.

एक मीटर बाय एक मीटरची दोरीची चौकट टाका. आतल्या सगळ्या भेगांवर सुतळी टाकून लांबी मोजा, रुंदी पट्टीनं, खोली कडक तारेनं. समजा लांबी ३ मीटर, वरची रुंदी २ सेंमी, खोली ४० सेंमी. भेग खाली निमुळती होते म्हणून निम्मं धरा: ०.५ × २ × ४० × ३०० = १२,००० घन सेंमी, म्हणजे बारा लिटर. एका चौरस मीटरवर बारा लिटर म्हणजे १२ मिमी पाऊस. मॉडेलमध्ये प्रत्येक भागाला एवढ्या आकाराची टाकी द्या. मातीनं नाकारलेलं पाणी आधी टाकीत जाईल, टाकी भरल्यावर मगच अपधाव सुरू.

ही टाकी पावसाळ्याबरोबर लहान होत जाते, कारण माती फुगून भेगा मिटतात. वरून मिटल्या तरी खाली पोकळी राहते, म्हणून तार टोचून पाहायची सवय ठेवा. सोयाबीनच्या पेरणीआधी किमान १०० मिमी पाऊस होऊ द्यावा असं सांगतात; भेगांची मोजणी त्या १०० मिमीच्या आधी, मध्ये आणि नंतर अशी तीनदा केलीत तर टाकीचा आकार कसा घटतो ते तुमच्याच जमिनीवर कळेल. सप्टेंबरात लांब उघडीप पडली की भेगा परत येतात, हेही विसरू नका.

खाली दुसराच थर असेल तर

शेजारी-शेजारी असलेल्या वेगळ्या मातीचं गणित आणि एकाखाली एक असलेल्या थरांचं गणित वेगळं. थर एकाखाली एक असतील तर पाण्याला दोन्हीतून जावंच लागतं, आणि चिवट थर सगळ्यांचा वेग ठरवतो. वरचे २० सेंमी ताशी ३० मिमीचे, खालचे २० सेंमी ट्रॅक्टरनं दाबलेले ताशी २चे. इथे हरात्मक सरासरी घ्यायची: २ ÷ (१/३० + १/२) = ३.७५. साधी सरासरी १६ म्हणाली असती.

हीच युक्ती थेंबांनी बसलेल्या पापुद्र्यालाही लागू: तो अर्ध्या सेंमीचा पण फार चिवट थर समजा. शहरात मात्र थर उलटेसुलटे असतात. नव्या कॉलन्यांत काळी माती काढून मुरूम भरतात, रोलर फिरवतात, आणि वर बागेसाठी पुन्हा वीतभर काळी माती टाकतात. अशा ठिकाणी हातभर खड्डा खणून थर डोळ्यांनी पाहिल्याशिवाय एकही आकडा भरू नये, असं माझं ठाम मत आहे.

पाऊस ताशी किती, हे विचारा

हवामान खात्याचा रोजचा आकडा सकाळी साडेआठ ते साडेआठ असा चोवीस तासांचा असतो. त्यात ४८ मिमी लिहिले असतील तर ते दिवसभराच्या रिपरिपीचे, म्हणजे ताशी २, की संध्याकाळच्या दीड तासाचे, म्हणजे ताशी ३२? पहिल्यात वरच्या दहापैकी नऊ जागा सगळं पितात, दुसऱ्यात आठ जागा पाणी सोडतात. म्हणून दहा-पंधरा मिनिटांच्या नोंदी देणारं स्वयंचलित पर्जन्यमापक जवळपास आहे का ते शोधा. नसेल तर साधं मापक लावून पाऊस चालू असताना छत्री घेऊन दर दहा मिनिटांनी वाचायला कुणीतरी तयार करावं लागतं. घरातला शाळकरी मुलगा-मुलगी या कामाला हौसेनं येते.

सॉफ्टवेअरचं म्हणाल तर हायड्रस-वनडी एका उभ्या स्तंभासाठी रिचर्ड्सचं समीकरण सोडवतं आणि मोफत आहे. शहरी गटारांसह हिशेब हवा असेल तर अमेरिकी पर्यावरण संस्थेचं एसडब्ल्यूएमएम, तेही मोफत. त्यात हॉर्टन (मुरण्याचं दुसरं एक सूत्र) आणि ग्रीन-अँप्ट दोन्ही आहेत. पण शीटमध्ये एकदा हातानं केल्याशिवाय त्यांच्याकडे जाऊ नका, नाहीतर मूळचे भरलेले आकडे कुणाच्या मातीचे आहेत हे कळणारच नाही.

पडताळणी

शेताच्या तळाशी दोन मीटर बाय पाच मीटरचा तुकडा पत्र्याच्या पट्ट्यांनी वेगळा करा, खालच्या टोकाला पन्हळ आणि झाकलेला ड्रम. दहा चौरस मीटरवर १ मिमी अपधाव म्हणजे दहा लिटर, दोनशे लिटरचा ड्रम २० मिमीपर्यंत पुरतो. मोठ्या सरीत ड्रम ओसंडला तर ती नोंद 'किमान' म्हणून लिहा, अंदाजे आकडा घालू नका. या तुकड्यासाठी मॉडेल वेगळं चालवा. पूर्ण शेताचं उत्तर त्याच्याशी ताडून पाहण्यात अर्थ नाही.

मोसमातल्या सरी दोन गटांत वाटा. अर्ध्या सरींवर आकडे जुळवा, उरलेल्या अर्ध्यांना हात न लावता त्यांच्यावर मॉडेल तपासा. जुळवताना एका वेळी एकच आकडा हलवायचा. जूनमध्ये मॉडेल जास्त अपधाव दाखवतंय पण ऑगस्टमध्ये बरोबर येतंय, तर भेगांची टाकी लहान धरली गेली आहे. जूनमध्ये बरोबर पण पिकानं जमीन झाकायच्या आधीच्या जुलैच्या सरींत मॉडेल कमी अपधाव दाखवतंय, तर पापुद्रा राहून गेला. लहान सरींत जुळतंय आणि जोरदार सरींत अपधाव फार येतोय, तर मोजणीत जास्त पिणाऱ्या जागा सुटल्या. बांधाकडेची आणि गोठ्यामागची कडी ठोकून या. आणि सगळ्याच सरींत एकाच दिशेनं, एकाच प्रमाणात चूक येत असेल तर मातीला दोष देण्याआधी पर्जन्यमापकावर झाडाची फांदी आली नाही ना आणि तुकड्याचं क्षेत्रफळ नीट मोजलं आहे ना, ते बघा.